दहा वजा

मित्रांनो, लांब उडी मोजायची मी एक जुनी कापडी टेप आहे. चामड्याच्या गोल डबीत माझे घर आहे, तिला पितळी मूठ आहे आणि माझ्या अंगावर तीस मीटरपर्यंतचे आकडे आहेत. मात्र माझ्यात शून्य नाही. माझी सुरुवातच दहा सेंटिमीटरपासून होते.

जन्मतः मी अशी नव्हते. बाटल्या भरण्याच्या एका कारखान्यात दरवर्षी कामगारांचा क्रीडा महोत्सव होई, त्यासाठी मला आणले गेले. दुसऱ्याच वर्षी मैदान दाबणारा लोखंडी रूळ माझ्या टोकावरून गेला आणि तेवढ्या भागाच्या चिंध्या झाल्या. सामानाची खोली सांभाळणाऱ्या काकांनी तो भाग कापला आणि बरोबर दहाच्या खुणेवर नवी कडी शिवून दिली. नवी टेप मागायला ते कल्याण अधिकाऱ्यांकडे गेले, तेव्हा साहेब म्हणाले, “अहो, टेप कोण बघतं? लोक पताका बघतात.” त्या वर्षी पताका दुप्पट आल्या.

तेव्हापासून काका प्रत्येक उडीनंतर माझ्यावरचा आकडा वाचत आणि लगोलग खड्या आवाजात म्हणत, “दहा वजा!” मगच वहीत नोंद होई. कामगारांनी त्यांचे नावच दहावजाकाका पाडले. “काका, वय विचारलं तरी दहा वजा करूनच सांगता का?” असे कुणी ना कुणी विचारी आणि खड्ड्याभोवती हशा पिके. नंतर काका मऊ फडक्याने माझ्यावरची वाळू टिपत आणि मला हलकेच गुंडाळत. माझ्यात जे उणे होते, ते एका माणसाच्या आवाजाने भरून निघत होते. मला त्याचा अभिमान वाटे.

बाकी महोत्सवाबद्दल अभिमान वाटावा असे मी फारसे पाहिले नाही. सोफ्यावर साहेब, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर कारकून आणि उन्हात कामगार. अधिकाऱ्यांच्या संगीत खुर्चीत मोठे साहेब कधीच हरले नाहीत. ते खुर्चीजवळ पोहोचले की गाणे आपोआप थांबे. “क्रीडा महोत्सव हा समाजाचा आरसा आहे,” हे वाक्य ते दरवर्षी त्याच कागदावरून वाचत आणि दरवर्षी त्याच ठिकाणी अडखळत. टाळ्या मात्र अडखळत नसत.

एका वर्षी जाहीर झाले, की लांब उडीत पहिली येणारी महिला कारखान्याच्या संघात जाईल आणि तिची नोकरी कायम होईल. बाटल्या धुण्याच्या विभागात एक हंगामी कामगार होती. क्रेट ओलांडून झपाझप जाई म्हणून सगळे तिला टोळ म्हणत. हंगाम संपायला पंधरा दिवस उरले होते. तो संपला की हजेरीपटावरून तिचे नाव जाणार होते. पाळी सुटली की ती गमबूट काढून अनवाणीच वाळूत येई आणि काका आपणहून मला घेऊन येत.

“पोरी, उडीच्या फळीकडे बघत पळू नकोस. पलीकडे बघ.”

“पलीकडे काय आहे, काका?”

“कायमचं पत्र आहे,” काका म्हणत, आणि ती हसत पुन्हा पळायला जाई.

महोत्सवाच्या दिवशी तिची उडी माझ्यावर चार मीटर सतरापर्यंत आली. “चार सतरा, दहा वजा!” काका गरजले. “चार सात!” तशीच नोंद झाली. टोळ सर्वांच्या पुढे होती.

शेवटची उडी मोठ्या साहेबांच्या भाचीची होती. ती दोन महिन्यांपूर्वीच कार्यालयात तात्पुरती लागली होती. मुलगी वाईट नव्हती, उडीही वाईट नव्हती. माझ्यावर चार बारा भरले. मोठे साहेब सोफ्यावरून उठून थेट खड्ड्यापाशी आले होते. काकांनी आकडा वाचला, साहेबांकडे पाहिले आणि “दहा वजा” म्हटले; पण ते इतके बारीक, की मी त्यांच्या मुठीत होते म्हणूनच मला ऐकू आले.

“चार बारा!” कल्याण अधिकारी ओरडले. “पहिला क्रमांक!” आणि त्यांनी खूण करताच दाताळे फिरले व वाळू सपाट झाली.

टोळ पुढे आली. “काका, वजा केले ना?”

“बाई, पंचांवर शंका घ्यायची नसते,” अधिकारी म्हणाले. “खिलाडूवृत्ती ठेवा.”

“शंका नाही घेत, साहेब. वजाबाकी विचारतेय. काका, आज घसा बसलाय का तुमचा?”

काकांनी मान खाली घातली. “वहीत आहे ते खरं, पोरी.”

मग त्यांनी मला घाईघाईने गुंडाळले. फडके त्यांच्या खांद्यावरच राहिले. ओली वाळू माझ्या घड्यांत गेली आणि आत घट्ट बसली. व्यासपीठावर मोठे साहेब आरशाबद्दल बोलत होते. त्या दिवशी पहिल्यांदाच मला त्यांचे भाषण पटले.

पंधरा दिवसांनी टोळ गमबूट आणि एप्रन परत करायला सामानाच्या खोलीत आली. काकांनी वर न पाहताच पावती लिहिली. “पुढच्या हंगामात ये. मी शब्द टाकतो तुझ्यासाठी.”

“टाकायचा होता तेव्हा गिळलात की, काका,” ती म्हणाली. तिने बूट नीट जोडून ठेवले आणि निघून गेली. ती परत आली नाही.

साहेबांच्या भाचीने त्यानंतर एकदाही उडी मारली नाही. पुढच्या वर्षी नवी कोरी पोलादी टेप आली. तिच्यात शून्य आहे. काका अजूनही आकडे वाचतात, पण आता त्यांची थट्टा कुणी करत नाही. मी खालच्या फळीवर पडून असते. त्यांची कीव यावी असे मला पुष्कळदा वाटते. येत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसून, जपून ठेवा, अशी विनवणी करण्याची आम्हा जुन्या वस्तूंची रीत आहे. माझ्यापुरती ती राहू द्या. माझ्यातली वाळू आता निघायची नाही. पण तुमच्या मैदानावर मोजणाऱ्याचा आवाज एकासाठी चढा आणि दुसऱ्यासाठी बारीक झाला, तर वाळू सपाट होण्याआधी हात वर करा. त्या दिवशी खड्ड्याभोवती दोनशे माणसे उभी होती. चार बारातून दहा वजा करणे त्यांतल्या प्रत्येकाला येत होते. हात एकाचाही वर झाला नाही.