बोरिंगच्या पाण्याचं वरण

झुंबरबाईच्या वावरात सव्वीस दिवसांपासून बोरिंग चालू होतं. तीन लांब लाकडं शेंड्याला बांधून उभी केलेली, मधून लोखंडी सळ्या एकीला एक जोडत जमिनीत उतरवलेल्या, अन् वरच्या आडव्या दांड्याला छाती लावून सहा गडी घाण्याच्या बैलासारखे गोल फिरायचे. त्या सहांत एक तिचा पोटचा लेक होता, वैजनाथ. सरकारी टोळीतली दोन माणसं तापानं पडली तेव्हा ओव्हरसियर वामनरावांनी गावातून दोघं घेतले. चाळीस एकरांच्या घरातला माणूस रोजानं दांडा ओढतो म्हणून भाऊबंद दात काढून हसले.

"हसा," झुंबरबाई म्हणाली. "उद्या पानी लागलं का माह्याच वावरात हंडे घेऊन याल. तवा पाहीन तुमचे दात."

टोळीचं रांधणंही तिनं आपल्याकडं घेतलं होतं. आपल्या वावरात आलेला माणूस मुरमुरे फाकून झोपला तर नाक कुणाचं कापलं जाणार? टोळीसाठी सोनाळ्याहून बैलगाडीवर पाण्याचं पीप यायचं. सोनाळा तिचं माहेर. पिपाचं झाकण उघडलं की ती आधी ओंजळभर पाणी स्वतः प्यायची, मग चूल पेटवायची.

कारण या गावचं पाणी खारं. आजचं नाही, वाडवडलांपासून. विहीर खणा, खारं. नदीच्या वाळूत झिरा काढा, खारं. अडतीस वर्षांपूर्वी लग्न होऊन आली तेव्हा पहिला घोट तिनं सासूसमोर थुंकला होता, अन् त्याबद्दल तीन दिवस शिव्या खाल्ल्या होत्या. पुढं सगळं गिळायला शिकली, पाणी सोडून. आता सून सातव्या महिन्यात होती. झुंबरबाईनं मनाशी पक्कं केलं होतं, नातवाच्या ओठाला लागेल ते पहिलं पाणी गोड असेल, अन् याच मातीतलं असेल.

सव्विसाव्या दिवशी, भल्या सकाळी, दोनशे दहा फुटांवर पाणी लागलं. वरचं खारं पाणी लोखंडी नळ्यांनी अडवलेलं, म्हणजे हे खालचं, नवं. वामनरावांनी लांब नळीचा पोहरा वर काढवला. पाणी चाखून पंचांनी कागदावर अंगठे उठवायचे, असा रिवाज. साहेब स्वतः चाखत नसत. त्यांची सुरई वेगळी होती.

हिंमतराव पाटलांनी घोट घेतला, डोळे मिटले.

"वा! नारळाचं पानी हाय बुवा!"

बाकीच्या चौघांनी माना डोलावल्या. वैजनाथही ओंजळ भरून प्याला अन् तोंड पुसत म्हणाला, "गोड हाय, मा. एकदम गोड."

गुलाल उधळला. नारळ फुटला. पाच अंगठे उठले. साहेबांना अखजीच्या सणाआधी अमरावतीला घरी पोचायचं होतं, त्यांनी शाई वाळायच्या आत कागदाची घडी घातली. पुढचं गाव रांगेत उभं होतं. एकदा टोळी गेली की पुन्हा कधी येईल ते देवाला ठाऊक.

झुंबरबाई चुलीपुढून उठून आली. एक घोट तोंडात घेतला, अन् पाटलाच्या जोड्यापाशी पचकन थुंकला.

"हे गोड? हे गोड हाय?"

"वहिनी, आता कसं हाय," पाटील गडबडले, "जराकसं लागते म्हना. पर आपल्या हिरीच्या मानानं..."

"हिरीच्या मानानं! अन् ते मान कोनं ठरवलं? जन्मभर खारं पेऊन पेऊन जिभा मेल्या तुमच्या. मेलेल्या जिभेनं गोड सांगून राह्यले! काऊन, मले काऊन नाही चाखाले देलं? या गावात गोड पान्याची चव सासरी आलेल्या बायांशिवाय ठाऊक कोनाले हाय?"

"बाई," वामनराव छत्री उघडत म्हणाले, "पंचांनी लिहून दिलंय. बायकांच्या म्हणण्यावर सरकारी काम चालत नाही."

"मा, चूप राह्य ना," वैजनाथ हळूच म्हणाला. "चारचौघांत काऊन तमाशा..."

ते मात्र लागलं. साहेब परका, पाटील भाऊबंद, पण हा? याला आपलं दूध पाजलं अन् याची जीभ या गावानं मारून टाकली. झुंबरबाईनं लेकाकडं असं पाहिलं की तो दांड्याआड सरकला. मग पदर खोचला अन् चुलीकडं गेली.

दुपारी पंगत बसली. पाणी लागल्याचं जेवण, म्हणून पाच पंच, साहेब, सगळी टोळी. भाकरी, ठेचा, कांदा, अन् मोठ्या पातेल्यातलं तुरीचं वरण. झुंबरबाई स्वतः वाढत फिरली. साहेबांना दोन पळ्या जास्त.

पहिल्या घासाला कट्टकन आवाज झाला. मग दुसरीकडून कट्ट. वामनरावांनी गालावर हात धरला. ताटात पिवळं पाणी वेगळं अन् डाळ वेगळी, मुरमासारखी खाली बसलेली.

"बाई, हे शिजलं नाही."

"सकाळपासून चुलीवर हाय, साहेब. दोन भारे काड्या जाळल्या. आज पीप नाही उघडलं मी. तुमच्याच गोड पान्यात शिजवलं." ती पळी घेऊन पंगतीच्या तोंडाशी उभी राहिली. "कागदावर गोड, तं डाळीले काऊन कळलं नाही? डाळीचा अंगठा घ्याचा राह्यला का?"

कुणीतरी फिसकन हसलं. पाटील उठायला लागले.

"बसा भाऊजी! नारळाचं पानी हाय ना? चावा. ताट साफ केल्याबिगर कोनी उठाचं नाही माह्या वावरातून. अन् आयका रे गड्यांनो, पीप आता माह्या घरात कुलपात हाय. तुमी अठी राहासान तवरोक रोजचं वरण याच पान्यात शिजन!"

"बाई, मी वर कळवीन," साहेब कडाडले.

"कळवा ना. वरण बी पाठवा संगं, डब्यात."

वैजनाथ मान खाली घालून चावत होता. एक दाणा दाढेखाली धरला, चावला, थुंकला, बोटांत धरून पाहिला. घरात हे वरण त्यानं कधी खाल्लं नव्हतं. मा पावसाचं पाणी रांजणात धरायची, माहेराहून घागरी आणवायची, अन् तो प्यायचं पाणी खारं, रांधायचं गोड, या दोन्हीत फरक न करता मोठा झाला होता. आईनं एवढी वर्षं काय केलं ते त्याला आज दाढेखाली कळलं.

तो उठला. हात धुतला नाही. ढिगातली एक सळी खांद्यावर घेतली अन् जोडायला लागला.

"वैजनाथ! काम बंद आहे!" साहेब ओरडले.

"तुमचं बंद असन. माहा दांडा माह्या हातात हाय." त्यानं सळी फिरवून घट्ट केली. "बत्तीस वर्साचा झालो, साहेब. मले गोड कायले म्हनते हेच ठाऊक नाही. अन् तुमी माह्या जिभेवर कागद केला!"

टोळीतला एक गडी उठला, मग दुसरा. रात्रीही हेच वरण म्हटल्यावर उरलेले आपोआप उठले. साहेबांनी घड्याळ काढलं, कागद काढला, पुन्हा खिशात ठेवला.

"आठ दिवस," ते म्हणाले. "नववा नाही."

सहाव्या दिवशी, दोनशे अडुसष्ट फुटांवर रेती लागली. रेतीखालून पाणी आलं. पाटलांनी घोट घेतला अन् तोंड वाकडं केलं.

"छ्या! पानचट. याले तं काही चवच नाही. यापरीस आधीचं बरं होतं."

चौघांनी माना डोलावल्या. वैजनाथ प्याला, त्यानं आईकडं पाहिलं. "मा, मले तं काहीच लागत नाही."

झुंबरबाईनं पोहऱ्याखाली ओंजळ धरली. एक प्याली. दुसरी प्याली. तिसरी तोंडावर मारली, म्हणून डोळ्यांतलं कुणाला दिसलं नाही.

"काहीच लागत नाही ना?" ती गुरकावली. "मंग तेच गोड, बे! अडतीस वर्स झाले, हे काहीच न लागनारं पानी मी शोधून राह्यली." अन् वामनरावांकडं वळली. "जुना कागद फाडा. नवा काढा."

साहेबांनी नवा कागद काढला अन् शाईची गादी तिच्यापुढं केली.

"गादी त्याइले दाखवा," पंचांकडं बोट करून ती म्हणाली. "मी सोनाळ्याच्या शाळेत दोन बुकं शिकली हाय. टाक द्या."

अन् तिनं एकेक अक्षर कोरत, घाई न करता आपलं नाव लिहिलं. तेवढा वेळ साहेब उन्हात दौत धरून उभे होते.