गोजरबाईनं धुतलेली मुळं

मित्रांनो, मी एक जुना जिवाणू आहे. किती जुना, ते मलाच माहीत नाही. आम्ही एकाचे दोन होतो, त्यामुळे माझा आजा कोण असं विचारलं तर तोही मीच. काष्टी गावाच्या वरच्या माळावर उन्हाळी नावाचं रानझुडूप उगवायचं. त्याच्या मुळावर ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ होती, ते माझं घर. झाड मला साखर द्यायचं. मी हवेतला नत्र धरून त्याचं खत करून द्यायचो.

माळावर आम्ही पुष्कळ होतो. दिसायला सारखे, पण गुणानं वेगळे. कुणाला तापलेली माती सोसायची, कुणाला चुनखडी. एक जण तर नुसता बसून साखर खायचा.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. माळ खणून मुरूम काढायचा आणि तलावाचा बांध घालायचा, असं सरकारी काम निघालं. तेव्हा राधाकृष्ण नावाचा शेतकी कॉलेजातला मुलगा सायकलवर आला. म्हणाला, बियाण्याला चोळायला पाकिटातून येणारे जिवाणू सगळे एकाच जातीचे, ते यंदाच्या उन्हात शेतात मेले. या माळावरचे नाना जातींचे आहेत, ते वाचवायला हवेत. मला मुळं पाहिजेत.

मुकादम छगन म्हणाला, "गवताची मुळं गोळा कराया कालेज लागतंय व्हय?"

सगळे हसले. खोदकामावरची गोजरबाई मात्र हसली नाही. चारी बाजूंची झुडपं मी खणून ठेवते, उद्या माझ्या घरून घेऊन जा, असं तिनं सांगितलं. जिवाणू गाठीत राहतात, हे सांगायचं राधाकृष्णाच्या ध्यानात राहिलं नाही.

तिनं फार जपून खणलं. एक मूळ तुटलं नाही. पण घरी आल्यावर तिला गाठी दिसल्या. मागं तिची वांगी मुळांना अशाच गाठींचा रोग येऊन मेली होती. परक्या पोराला रोगट माल कसा द्यायचा? टँकरचे दोन हंडे पाणी मिळालं होतं, त्यातला एक तिनं मुळं धुवायला घेतला. एकेक गाठ नखानं खुडली. माझी गाठ फुटली आणि मी पाण्याबरोबर अंगणात जिरलो. बाकीच्या गाठी भुकेल्या कोंबड्यांनी टिपल्या.

दुसऱ्या दिवशी राधाकृष्णानं ती पांढरी स्वच्छ मुळं हातात घेतली आणि बराच वेळ उलटसुलट केली.

"मावशी, गाठी कुठं गेल्या?"

"खुडल्या की. प्यायच्या पाण्यानं धुतलीत बघ."

"गाठीच पाहिजे होत्या."

गोजरबाईनं रिकाम्या हंड्याकडं पाहिलं. "मंग सांगायचं न्हाई व्हय, बाबा?"

"हो. माझंच चुकलं," तो म्हणाला.

दोघं माळाकडं पळाले. तिथं पिवळा खड्डा होता. वरची माती बांधाखाली दाबून टाकली होती.

मित्रांनो, मी अजून अंगणात आहे. झाडाशिवाय काही वर्षं तग धरता येतो, पण दरसाल आम्ही कमी होतो. तुम्ही कधी रानझुडूप उपटलं आणि मुळाला गाठी दिसल्या, तर एकच फोडून बघा. आतून गुलाबी निघाली तर आम्ही आत कामाला आहोत असं समजा, बाकीच्यांना हात लावू नका, झाड परत मातीत लावा. माझ्यासाठी म्हणत नाही. गोजरबाई हे अंगण रोज झाडते, इथं ती काही उगवू देत नाही.