एका घराला दोन डबे

महिन्याचं सामान भरायचं म्हटलं की वहिनी आदल्या दिवसापासूनच आकडे जुळवत बसायची. इमारतीतले लहानथोर सगळे तिला वहिनीच म्हणत. ती घरी बसून पडदे शिवून द्यायची. नवरा बसगाड्या दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात होता. त्याच्या जादा पाळ्या बंद झाल्यापासून घरात येणारा पैसा असा काही आटला, की पाठकोऱ्या कागदावर यादी करताना वहिनी एकेका वस्तूशी भांडायला लागली. साखर कमी केली तर सासूबाईंचं तोंड वाकडं, डाळ कमी केली तर मुलीच्या ताटात काय वाढायचं? अंगाच्या साबणाची एक वडी चौघांत किती पुरवायची? सगळं कापून, छाटून ती बेरीज जुळवत आणायची आणि शेवटी तेलापाशी अडायची. तेलाचा भाव नुसता ऐकूनच कढई तापायची.

अशात बाजाराच्या टोकाला असलेल्या मोठ्या दुकानानं पाटी लावली. तेलाचे मोठे डबे जवळजवळ अर्ध्या किमतीत, फक्त रविवारी. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: एका घराला दोनच डबे.

वहिनीनं ती पाटी वाचली आणि घरी येईपर्यंत तिचं डोकं पळत राहिलं. दोन डब्यांनी काही साधणार नव्हतं. सहा मिळाले तर मात्र पुढचे कितीतरी महिने यादीतून तेलाचं नावच काढून टाकता येणार होतं, आणि मुलीची शाळेची थकलेली फी भरता येणार होती.

रात्रीची जेवणं झाल्यावर तिनं विषय काढला. "रविवारी आपण तिघंही जायचं. पण एकत्र नाही. तीन घरांतली तीन माणसं म्हणून."

नवरा हसला. "म्हणजे मी आणि आई एकमेकांना ओळखत नाही?"

"तासाभरापुरतं. वेगवेगळ्या रांगा धरायच्या. एकमेकांकडे बघायचंसुद्धा नाही."

सासूबाई ताट विसळता विसळता म्हणाल्या, "मला जमेल. लग्न झाल्यावर पहिली दोन वर्षं तुझे सासरे आणि मी असेच राहत होतो."

त्यावर तिघंही हसली. हसता हसताच वहिनीनं मात्र सासूबाईंकडून उजळणी करून घेतली. कोणी विचारलं, बरोबर कोण आहे, तर काय सांगायचं? एकटी आलेय. घरी कोण असतं? कोणी नाही. "बास गं बाई," सासूबाई म्हणाल्या, "परीक्षेला बसवतेयस का मला?"

शनिवारी संध्याकाळी तिनं महिन्याच्या सामानाचे पैसे काढले, त्यात पडद्यांच्या कामाची आगाऊ घेतलेली उचल घातली आणि तीन पाकिटं केली. प्रत्येकात दोन डब्यांचे बरोबर पैसे. दोनदा मोजून तिनं पाकिटं कपाटातल्या खणात ठेवली.

रविवारी मुलीला शेजारी सोडून तिघं निघाली, ती चौकातूनच वेगळी झाली. दुकानापुढे आधीच झुंबड उडाली होती. आत डबे एकावर एक रचलेले, आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक तरुण मॅनेजर रांगांमधून करड्या नजरेनं फिरत होता. वहिनी दोन डबे गाडीत घालून रांगेत उभी राहते न राहते तोच पुढच्या बाईच्या कडेवरचं मूल पलीकडच्या रांगेकडे हात करून ओरडलं, "बाबा!"

पलीकडचा माणूस छताकडे बघायला लागला. मूल आणखी मोठ्यानं ओरडलं. मॅनेजर चार ढांगांत तिथं पोचला. त्यानं दोघांचेही डबे उचलून बाजूला ठेवायला लावले.

"अहो, दोन तरी द्या!" बाई म्हणाली.

"नाही. खोटं बोलणाऱ्याला एकही नाही. सगळ्यांनी ऐकून ठेवा."

 वहिनीनं न राहवून डावीकडे पाहिलं. सासूबाई शेजारच्याच रांगेत होत्या, ढकलगाडीच्या दांडीला दोन्ही हातांनी धरून, तोंड अगदी परक्यासारखं करून. त्यांच्या पलीकडच्या रांगेत नवरा. त्याची रांग भराभर सरकत होती. पाहता पाहता त्यानं पैसे भरलेसुद्धा, आणि दोन डबे दोन हातांत घेऊन तो गल्ल्यांच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. चला, दोन झाले, वहिनीनं मनात म्हटलं.

मग सासूबाईंची पाळी आली. गल्ल्यावरच्या मुलीनं विचारलं, "आजी, घरचं आणखी कोणी आलंय का?"

"नाही बाळ. एकटी आलेय."

वहिनीला बरं वाटलं. आवाज कसा, अगदी ठणठणीत. सासूबाईंनी पाकीट पुढे केलं. मुलीनं नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि म्हणाली, "आजी, एक नोट कमी आहे."

"असं कसं होईल? नीट बघ."

"दोनदा बघितलं. एक डबा ठेवून देऊ का?"

आता हो म्हणून मोकळं व्हायचं, एक डबा तर एक डबा. वहिनी मनातल्या मनात त्यांना विनवत होती, घ्या एकच आणि चला. पण सासूबाईंना हिशेबातली चूक आपल्या अंगावर येतेय असं वाटलं असावं. त्या घाईघाईनं म्हणाल्या, "अगं पण मोजून दिलेत मला! दोनदा मोजून दिलेत!"

मॅनेजर जवळच होता. तो वळला. "कोणी मोजून दिले?"

सासूबाई गल्ल्यावरच्या नोटा पुन्हा गोळा करायला लागल्या.

"आजी, विचारतोय मी. घरचं कोण आलंय बरोबर?"

"कोणी नाही. शेजारणीनं मोजून दिले."

"शेजारीण कुठंय मग? इथंच आहे का?"

"मला कोणी नाही," सासूबाई म्हणाल्या. आता तो ठणठणीतपणा गेला होता. "खरंच सांगते. मला कोणी नाही."

मागं रांग चुळबुळायला लागली. कोणीतरी म्हणालं, म्हाताऱ्या माणसांना पुढे करतात आणि डबे नेऊन दुप्पट भावानं विकतात. कोणी म्हणालं, आम्ही काय दिवसभर उभं राहायचं का? मॅनेजरनं सासूबाईंना बाजूला घेतलं आणि त्यांची पिशवी गल्ल्याच्या कडेला रिकामी करायला सांगितली. चष्म्याचं घर, किल्ली, एक रुमाल, अर्धी रिकामी पाण्याची बाटली. सासूबाई एकेक वस्तू काढून ओळीनं मांडत गेल्या.

वहिनीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो फार तर दहा पावलांवर होता. सगळं ऐकू येईल इतका जवळ. त्याचीही नजर तिच्याकडेच होती. त्यानं मान अगदी किंचित हलवली. नको.

तेवढ्यात रांगेतली एक चांगल्या कपड्यांतली बाई पुढे झाली. "जाऊ द्या हो. बिचारीला कोणी नाही म्हणतेय. कमी पडतात तेवढे मी देते." आणि तिनं पर्स उघडली.

सासूबाईंनी त्या नोटेकडे पाहिलं. हात पुढे करावा की न करावा, ते त्यांना कळत नव्हतं. उभ्या आयुष्यात ज्या बाईनं शेजारून वाटीभर साखर आणली नव्हती, ती या गर्दीत एका अनोळखी बाईच्या हाताकडे बघत उभी होती, आणि तेही आपण पढवलं म्हणून.  पुढे काय झालं ते वहिनीला नीट आठवतही नाही. ती रांग सोडून बाहेर पडली होती एवढं खरं.

"त्या माझ्या सासूबाई आहेत," ती म्हणाली. आवाज हवा त्यापेक्षा मोठा निघाला. "मीच मोजून दिलेत पैसे. त्यांना काही बोलू नका. जे बोलायचं ते मला बोला."

पर्सवाल्या बाईनं नोट आत टाकली आणि पर्सची चेन खर्रकन ओढली.

मॅनेजरनं दोघींचे चारही डबे बाजूला करायला लावले. "आणखी कोण आहे तुमच्या घरचं?"

वहिनीनं तोंड उघडलं. पण त्याआधीच सासूबाई म्हणाल्या, "आणखी कोणी नाही. आम्ही दोघीच."

वहिनीनं पलीकडे पाहिलं तेव्हा नवरा दाराबाहेर पडत होता. दोन हातांत दोन डबे, चाल अगदी सावकाश, जणू त्याला कसली घाईच नव्हती.

दुकानाच्या मागच्या गल्लीत, ठरल्या जागी तो त्यांची वाट पाहत होता. डबे जमिनीवर, त्यांच्या कड्यांतून तो सुतळी ओवत होता. "दोन तरी हाती लागले," तो म्हणाला. "तू मध्ये पडायला नको होतंस. ती बाई देत होती ना पैसे? तेवढ्यावर भागलं असतं. सहाच्या सहा घरी गेले असते."

 वहिनीच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. दोनदा मोजले होते. तिन्ही पाकिटं, दोनदा. ती त्याच्या हातांकडे बघत राहिली. तो एकच गाठ पुन्हा पुन्हा सोडत होता आणि बांधत होता.

"अहो," ती म्हणाली, "त्या पाकिटातली नोट तुम्ही काढलीत?"

"कसली नोट?"

"माझ्याकडे बघून सांगा."

त्यानं पाहिलं नाही. "काल कपाटात पाकिटं दिसली. कुठलं कोणाचं ते काय ठाऊक मला? फोरमनला रात्री जेवायला न्यायचं होतं. तो म्हणाला होता, जादा पाळ्या निघाल्या की तुझं नाव घालतो. सकाळी उसने घेऊन परत ठेवणार होतो, पण तुझी इतकी घाई… आणि मला वाटलं, ज्याला कमी पडतील त्याच्याकडे थोडे सुटे असतील."

"सांगितलं असतंत तर मी आईंना एकच डबा घ्यायला लावला असता."

"सांगितलं असतं तर तू दिली असतीस?"

 नसती दिली, हे वहिनीला ठाऊक होतं. त्यामुळे ती आणखीच चिडली.

सासूबाई भिंतीच्या कट्ट्यावर बसल्या होत्या. इतका वेळ त्या रुमालाची घडी घालत होत्या. त्या लेकाला म्हणाल्या, "तू तिथंच उभा होतास. मी पाहिलं तुला."

"आई, तूच म्हणालीस ना, कोणी नाही म्हणून? मी पुढे आलो असतो तर सगळंच गेलं असतं."

"हो. मी म्हणाले," सासूबाई म्हणाल्या. "आणि तू ऐकून घेतलंस."

त्यांचा आवाज चढला नव्हता. नवऱ्याच्या हातातून सुतळी गळून पडली. तो खाली वाकला, पण उचलेना, तसाच वाकून राहिला.

घरापर्यंत चालत जायचं ठरलं होतं. पण वहिनीनं बसचा थांबा गाठला आणि तिघांची तिकिटं काढली. गाडीत कोणीतरी सासूबाईंना जागा दिली. नवरा डबे पायांशी धरून मागं उभा राहिला. कोणी कोणाशी बोललं नाही, आणि या वेळी ते सोंग नव्हतं.

पुढचे दिवस घरात नुसता भांड्यांचा आवाज होता. सासूबाई लेकाला वाढायच्या, पण त्याच्याशी बोलायच्या नाहीत. फोरमननं जादा पाळ्या आपल्या मेव्हण्याला दिल्या. ही बातमी नवऱ्यानं आपणहून सांगितली, जेवताना, ताटाकडे बघत. वहिनीच्या जिभेवर बरंच काही आलं होतं. तिनं ते भाताबरोबर गिळलं. दोन डबे पुरवायचे म्हणून डाळीत फोडणी नावालाच पडत होती. मुलीनं एकदा तोंड वाकडं केलं, तर बापच तिला म्हणाला, "खा. चांगली झालीय."

महिना उलटला. पगार झाला त्या संध्याकाळी वहिनी पुन्हा पाठकोरा कागद घेऊन बसली. नवऱ्यानं पगाराचं पाकीट उघडंच तिच्यापुढे ठेवलं आणि पलीकडे खुर्ची ओढून बसला. पूर्वी तो या वेळी बाहेर फेरी मारायला जायचा. ती एकेक वस्तू म्हणायची, तो भाव सांगायचा. दोन वस्तूंचे भाव त्यानं चुकीचे सांगितले. तिनं ते न बोलता दुरुस्त केले.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. एरवी यादी चालू असली की त्या म्हणायच्या, मला काय कळतं त्यातलं, तुमचं तुम्ही ठरवा. आज त्या आत आल्या आणि टेबलाशी बसल्या.

"माझी दाढ दुखतेय," त्या म्हणाल्या. "बरेच दिवस झाले. या बाजूनं चावता येत नाही. डॉक्टरकडे जायचंय मला. ते पैसे धर यात."

वहिनीची पेन्सिल थांबली. बरेच दिवस म्हणजे किती, हे विचारायची तिची हिंमत झाली नाही. इतके दिवस त्या भात कालवून मऊ करून खात होत्या, ते आपण पाहत होतो आणि आपल्याला काही कळलं नव्हतं. नवऱ्यानं आईकडे पाहिलं. "उद्या मी नेतो तुला. कामावर उशिरा जाईन."

"अर्ध्या दिवसाचा पगार कापतील," वहिनीच्या तोंडून निघून गेलं.

"कापू दे."

सासूबाई त्याच्याकडे वळल्या. म्हणाल्या, "सकाळी लवकर निघू. गर्दी असते तिथं." बऱ्याच दिवसांत त्या त्याच्याशी पहिल्यांदाच बोलल्या होत्या.

वहिनीनं कागदावर 'डॉक्टर' असं लिहिलं आणि पुढचा आकडा अंदाजानं टाकला. बेरीज कोलमडली. तिनं पुन्हा वरपासून सुरुवात केली. साखरेवर पेन्सिल थांबली, साबणावर थांबली, चहावर थांबली. नवरा कागदावर ओणवा झाला आणि म्हणाला, "पिठाचं बारकं पोतं घेऊ. उरलेलं पंधरवड्यानं."

"मोठं स्वस्त पडतं."

"पडतं. पण आत्ता पैसे कुठायत?"

तिनं मोठ्या पोत्यावर काट मारली.