म्हशीच्या कानातलं नशीब

"विहिरीत पडली ती नशीबवान? मग जी पडलीच नाही तिला काय म्हणायचं?" लोहारीण दावं आवळत फणकारली.

लोहाराचं लक्ष तिच्याकडे नव्हतंच. गावानं दोर लावून पडक्या विहिरीतून वर ओढलेली त्यांची म्हैस, जणू माहेरी जाऊन आली असावी तशी, निवांत रवंथ करत होती. आणि लोहार तिच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचे बारा अंक वाचत होता. दोन-दोनाच्या जोड्या केल्या की सहा आकडे होत होते. गावातल्या दुकानदाराचा घरजावई विकायचा त्या लॉटरीलाही सहाच लागायचे.

लोहाराचा उजवा खांदा कामातून गेला होता. घण उचलला की डोळ्यांपुढे काजवे चमकत. भट्टी विझवावी आणि भरदुपारी पाय ताणून झोपावं, एवढीच त्याची आस होती. गावात हे फक्त त्या घरजावयाला साधलं होतं.

हा जावई सासऱ्याच्या ओट्यावर लोळून मोबाइलवर देशोदेशीची लॉटरी विकायचा. सासरा त्याला नोकरी समजायचा.

"एका देशात काचेच्या पिंपातून आकड्यांचे चेंडू निघतात," जावई सांगू लागला. "एका देशात सरकारच लॉटरी चालवतं आणि त्यातून शाळा बांधतं. कुठे अर्धं बक्षीस करात जातं. कुठे तीस वर्षं हप्त्यानं देतात."

"तीस वर्षं? मी काय कासव आहे? एकरकमी देणारा देश दाखव."

"हा घ्या. फक्त एक अट आहे, दादा. एकाच आकड्यांची माणसं जास्त निघाली, तर बक्षीस सगळ्यांत वाटून."

आपल्या म्हशीचा नंबर परदेशात कोण लावणार, म्हणून लोहार मनातल्या मनात हसला. त्यानं तिकीट काढलं आणि ही गोष्ट फक्त न्हाव्याला सांगितली, तीही शपथ घालून. न्हाव्याला गुपित सांगणं म्हणजे दवंडीचा खर्च वाचवणं, हे गावातलं शेंबडं पोरही जाणत होतं. पण नशिबाच्या मागे धावणाऱ्याला थांबवणार कोण?

मग गावाला म्हशीचा एकाएकी कळवळा आला. लोहार भट्टीवर असला की एकेक जण गोठ्यात शिरायचा. "बिचारीनं धसका घेतला असेल," म्हणायचा आणि तिच्या कानाशी वाकायचा. लोहाराला भरून आलं. माणसं चांगलीच आहेत, आपलंच तोंड फाटकं, असं तो बायकोला म्हणालासुद्धा. ती गोठ्याकडे वळली.

निकाल लागला. सहापैकी चार आकडे जुळले! लोहारानं भट्टीवर बादलीभर पाणी ओतलं आणि श्रीमंतासारखी दाढी करून घ्यायला निघाला.

"दुसरीकडे बघा," न्हावी पायावर पाय टाकून म्हणाला. "मी आता कुणाच्या गालाला हात लावत नाही."

पिठाच्या गिरणीला कुलूप होतं. शिंप्यानं ओळख दिली नाही. गवळी तर रस्त्यानं असा चालला होता, की जमिनीवर पाय ठेवून तिच्यावर उपकारच करतोय. लोहार तडक जावयाकडे निघाला.

तासाभरात सगळं गाव जावयाच्या ओट्याशी जमलं.

"एकाच नंबरची तिकिटं विकलीस? तुला कळत नव्हतं?" शिंपी ओरडला.

"गिऱ्हाइकाचं गुपित फोडणं धंद्यात बसत नाही," जावई कुशीवर वळत म्हणाला. "नियम मी प्रत्येकाला सांगितला होता."

वाटणीत हातात आलं ते तिकिटाच्या किमतीहून कमी. गावानं जावयाला पोटभर शिव्या दिल्या आणि पुढच्या सोडतीची तारीख विचारून घेतली.

लोहार घरी आला तो रडवेला होऊन. "भट्टी पेटवायला हवी गं. पण घण उचलवत नाही आता."

"उचलू नका. घण मारायला उद्यापासून एक गडी येतोय, वर्षभरासाठी. तुम्ही नुसतं लोखंड धरा."

"त्याला द्यायचं कशातून?"

"गोठ्यात कान बघायला काय फुकट सोडत होते मी? माणशी दर लावला होता. जावई एवढे देश सांगत होता, त्यात चालवणारा बुडाला असा एकतरी होता का?"

लोहारानं डोळे पुसले. "मग मी रोज बघायचो, तेव्हा माझ्याकडून नाही मागितलेस?"

"नवऱ्याला सूट होती," लोहारीण म्हणाली आणि धार काढायला बसली.