ताईंचा बायोडाटा

"अगं, दे की बघायला, मलाही तसाच करायचाय. खाणार नाही मी तुझा बायोडाटा," ताई म्हणाल्या आणि रक्ताच्या नळ्यांचा ट्रे तिच्या टेबलावर ठेवला.

"देते ना. घरच्या कॉम्प्युटरवर आहे," ती म्हणाली. तो समोरच्याच कॉम्प्युटरवर होता.

लॅब महिनाअखेरीला बंद होणार होती. पलीकडच्या हॉस्पिटलात एकच जागा होती आणि दोघींनाही अर्ज करायचा होता. ताईंनी तसं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. "मीपण करतेय हं. जिला मिळेल तिला मिळेल." तेव्हा तिला वाईट वाटायला हवं होतं, की बरं? काहीच वाटलं नाही. आठवडाभर तिचं सगळं असंच चाललं होतं, दात काढण्याआधी बधिर केलेल्या हिरडीसारखं.

जेवायच्या सुट्टीत तिने नवऱ्याला फोन केला.

"आपल्याच पायावर धोंडा मारून घ्यायचा का?" तो म्हणाला. "त्यांची अठरा वर्षं, तुझी चार. तुझ्याकडे आहे काय? नीट मांडलेला कागद. तोही देऊन टाक!" मागे लेक रडत होती. "आणि हिला परत ताप आहे. लवकर निघता येतंय का बघ."

लेकीच्या प्रत्येक तापाला ताईंनी तिच्या वाटचं काम उरकलं होतं. पण त्या त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हत्या. काढला असता तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

खरी अडचण नवऱ्यालाही ठाऊक नव्हती. बायोडाट्यात एक ओळ होती: 'बालरुग्णांच्या नमुना-संकलनासाठी प्रमाणित कार्यपद्धती विकसित केली, फेरतपासण्या निम्म्यावर आणल्या.' ते काम ताईंचं होतं. लहान मुलाचं रक्त निघतं जेमतेम. नळी चुकली की पोराला पुन्हा सुई. म्हणून एका दुपारी ताईंनी घरून नेलपॉलिश आणून रॅकच्या कडेला ठिपके दिले. कुठली नळी आधी, कुठली नंतर. तिने बाटली धरली होती, तेवढंच. लिहिताना 'आम्ही' बरं दिसेना.

ओळ पुसून मगच बायोडाटा देऊ, असं ठरवून तिने फाइल उघडली. ओळ निवडली. तेवढ्यात स्टूल ओढत ताई शेजारी येऊन बसल्या.

"इथेच तर आहे की गं!"

"हो... इथेही होता."

ताई ओठ हलवत, स्क्रीनला बोट लावून वाचू लागल्या. ती बोटाकडे बघत राहिली. बोट त्या ओळीवर थांबलं.

"बाई गं! हे कधी केलंस?"

बोलायची वेळ हीच होती. तिला ते कळत होतं.

"इथेच," ती म्हणाली. "मधे कधीतरी."

"हुशार आहेस. मी मेली नुसत्या सुया टोचत बसले." ताईंच्या आवाजात कौतुकाशिवाय काही नव्हतं. "मला अस्साच करून दे. ही ओळ तेवढी काढ. न केलेलं कशाला लिहायचं? तिथे विचारलं तर त-त-प-प व्हायचं."

तिने फाइलची प्रत काढली, नाव बदललं, वर्षं बदलली. ताईंच्या कागदावरून ती ओळ काढली. एक बटण दाबायचं होतं.

"एवढंसंच?" ताई वाकून म्हणाल्या. "खाली ओकंबोकं दिसतंय. काहीतरी टाक."

"छंद टाकतात लोक."

"छंद!" ताई हसल्या, मग खरंच विचारात पडल्या. बाहेर पेशंट आला होता. हातमोजे चढवत त्या उठल्या, दाराशी थांबल्या.

"सकाळी फिरायला जाणं, असं लिही. आता जाईन म्हणते."

तिने तसं लिहिलं. प्रिंटरमधून कागद कोमट निघाला. ताईंच्या खुर्चीवर तिने तो पालथा ठेवला.