डाव्या हाताचा ब्रेक

गाडी दारात उभी होती आणि मशीनताईला ती ओळखूच आली नाही.

टाकी इतकी घासूनपुसून लखलखीत केलेली, की ऊन तिच्यावर ठरत नव्हतं, घसरून खाली फरशीवर सांडत होतं. आरसे नवे. सीट नवी, रुसलेल्या पाहुण्याच्या गालासारखी फुगलेली. आणि शेजारी हाताची घडी घालून दादा उभा, ओठाच्या कोपऱ्यात हसू दाबून.

"बोल की काहीतरी," तो म्हणाला. "का आनंदाने वाचाच बसली?"

तिची नजर सरळ हँडलच्या डाव्या मुठीखाली गेली. तिथे काही नव्हतं. मग ती खाली, उजव्या पायाच्या बाजूला वळली. तिथे, जिथे दीड वर्ष काही नव्हतं, तिथे ब्रेकचं नवंकोरं पायडल चमकत होतं.

"माझा लिव्हर कुठाय?"

"कुठला? ते डाव्या हाताला गंजकं काहीतरी लोंबत होतं ते? काढून टाकलं. सगळं काढून टाकलं! चेन घट्ट करायला म्हणून नेली ना मी, तिथला फोरमन गाडीभोवती दोनदा फिरला आणि म्हणाला, ही गाडी आहे का भंगाराचं दुकान? मला इतकी लाज वाटली सांगू. म्हटलं, कंपनीतून निघाली तशी करून द्या. माझ्याकडून तुला भेट. अख्खी गाडी मूळपदावर!"

मशीनताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मूळपदावर! जणू काही ती स्वतःसुद्धा मूळपदावर आली होती.

गल्लीने तिला मशीनताई नाव ठेवलं होतं, कारण ती शिलाई मशीनं दुरुस्त करायची. दारोदार जाऊन, कारखान्याकारखान्यांत जाऊन. बंद पडलेल्या मशीनला ती नुसता कान लावायची आणि सांगायची, हिच्या पोटात काय दुखतंय ते. दोन वर्षांपूर्वी माळ्यावरची ट्रंक काढताना ती शिडीवरून पडली. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सळ्या बसल्या, टाके सुकले, आणि गुडघा मात्र वाकायचा विसरला तो विसरलाच. दार किलकिलं करावं तितका वाकायचा, पुढे नाही. चालायची ती, जराशी लचकत. पण गाडीवर बसली तर तो पाय सरळ काठीसारखा पुढे यायचा, त्याला टेकायला जागा नाही, ब्रेक दाबायची तर गोष्टच सोडा.

मग तिने गाडीलाच शिकवलं.

कारखान्यातल्या मोठ्या मशीनला टेबलाखाली एक दांडा असतो. शिवणाऱ्याने तो गुडघ्याने दाबला की सुईखालची पकड उचलली जाते. मोडीत निघालेल्या एका मशीनचा तो दांडा तिने घरी आणला. गुडघ्याचं काम अंगठ्याला दिलं. कानशीने घासला, वाकवला, पुन्हा घासला, अंगठ्याखाली साय यावी तसा मऊ केला आणि क्लचच्या खाली बसवला. तिथून वायर थेट मागच्या चाकापर्यंत नेली. उजवं फूटरेस्ट लोखंडी पट्टीवर चढवून वीतभर पुढे आणि चार बोटं खाली नेलं, वर जुन्या पट्ट्याचं चामडं शिवलं. सीटचा फोम उजव्या अंगाने खरवडला, म्हणजे मांडी उतरती राहील. अठरा वेळा जोडलं, अठरा वेळा सोडलं. एकोणिसाव्या वेळी ती गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत आली, आणि गाडीवरून न उतरता तिथेच बसून पोटभर रडली. हसलीही.

हे सगळं घरात कुणाला सांगितलं नाही, कारण घरात पायाचं नाव निघत नसे. शिडी आईने लावली होती, ट्रंक आईला हवी होती. त्या दिवसापासून आईने तो शब्दच घरातून हद्दपार केला. पायपुसण्यालासुद्धा आई 'ते दाराशी पडलेलं' म्हणायची. दादा लांब नोकरीला, वर्षातून दोनदा आठ दिवसांसाठी येणारा. फोनवर आई त्याला सांगायची, "ठणठणीत आहे हो ती." आणि तो आला की मशीनताई बसायची उंच स्टुलावर, पाय पुढे सोडून, कामात मान घालून. त्याला वाटायचं, जराशी लचकते, बाकी सगळं ठीक.

"चल," मशीनताई म्हणाली.

"कुठे?"

"तुझ्या त्या फोरमनकडे. तू चालव. मी मागे बसते."

"अगं, पण आवडली की नाही ते तरी—"

"चालव म्हटलं ना!"

मागच्या माणसाचं फूटरेस्ट आणखीच वर असतं. डावा पाय त्यावर गेला, उजवा गेला नाही. तो आडवा, सरळ, रेल्वेच्या फाटकासारखा रस्त्यात निघाला. पहिल्या वळणावर भाजीची पिशवी घेतलेल्या एका बाईने उडी मारली. दुसऱ्या वळणावर एक सायकलवाला कसाबसा वाचला आणि मागून ओरडला, "ओ ताई, पाय आत घ्या की! रस्ता काय नावावर करून घेतलाय?"

"अगं घे ना आत," दादा मान न वळवता म्हणाला.

"येत नाही."

"येत नाही म्हणजे?"

"म्हणजे येत नाही. वाकत नाही. दोन वर्षं झाली दादा, वाकत नाही तो!"

गाडी एका बंद दुकानापुढे थांबली. दादा उतरला. त्याने पहिल्यांदा तिच्या पायाकडे पाहिलं, मग नव्या पायडलकडे, मग हँडलच्या रिकाम्या डाव्या बाजूकडे. एखादा हिशेब चुकलेला माणूस आकड्यांवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवतो, तसं.

"आई तर म्हणत होती…"

"आई म्हणत होती. तू काय बघत होतास?"

तिने उत्तराची वाट पाहिली नाही. "सोमवारी सकाळी आठ वाजता मला नव्या कारखान्यात उभं राहायचंय. चाळीस मशीनं आहेत तिथे. गावाबाहेर, बस जात नाही. मी आठला फाटकात नसले तर काम दुसऱ्याला जाईल. आज शनिवार. आता चालव."

वर्कशॉपला समोरून काचा होत्या आणि आतली फरशी इतकी स्वच्छ, की तेलाचा थेंबसुद्धा परवानगी काढून सांडत असावा. फोरमन हात पुसत पुढे आला. पोट सुटलेलं, चेहरा भला.

"या ताई! कशी वाटली? ओळखू नाही ना आली?"

"नाही आली. माझा लिव्हर द्या."

"कुठला, तो जुगाड? अहो ताई, तो टाकला आम्ही. कुण्या शिकाऊ माणसाने फसवलं तुम्हाला. मी तर दादांना म्हटलं, बरं झालं आणलीत गाडी, कधीतरी घात झाला असता."

"दीड वर्षात झाला नाही. परवा झाला. तुमच्या हातून."

फोरमनने दादाकडे पाहिलं. दादाने छताकडे.

"एक सांगा मिस्त्री," मशीनताई म्हणाली, आणि आता तिचा आवाज मागच्या लिफ्टवर चढवलेल्या गाडीपर्यंत पोचला. "तुमचा जन्म गेला ह्या कामात. गाडी उघडलीत तेव्हा दिसलं ना, ब्रेकचं पायडल काढून टाकलंय? वायर चाकापासून डाव्या मुठीपर्यंत ओढत आणलीय? उजवं फूटरेस्ट वीतभर पुढे गेलंय आणि डावं जागच्या जागी आहे? सीट एकाच अंगाने कापलीय? एवढं सगळं कुणी हौसेने करतं? एकदाही मनात आलं नाही, ही गाडी चालवतं कोण? त्याचं शरीर कसं आहे? तुम्ही विचारलं नाही. ह्यानेही विचारलं नाही. सगळे सुधारायला तेवढे पुढे!"

मागे नट पिळणारे पाने वाजायचे थांबले.

"आम्हाला मालकाने सांगितलं—"

"मालक मी आहे!"

फोरमन वळला. कोपऱ्यातल्या भंगाराच्या पिंपाशी गेला, ते जमिनीवर आडवं केलं आणि स्वतः गुडघ्यांवर बसून शोधू लागला. जळके प्लग निघाले, वाकडी मडगार्डं निघाली, आणि त्यांच्या तळाशी तिचा लिव्हर निघाला. त्याने तो बाहीला पुसला. अंगठा ठेवून पाहिला. काढला, पुन्हा ठेवला.

"ही कानस कुणी मारली?"

"मी."

"हं," तो म्हणाला. आणि लिव्हर तिच्या हातात ठेवत, खालच्या आवाजात, "चांगली मारलीय."

"ते मला माहीत आहे. पट्टी कुठाय?"

पट्टीचे दोन तुकडे निघाले. नट सुटत नव्हता म्हणून गॅसने कापली होती. मधलं बोट-दोन बोटं लोखंड जळून वितळून गेलेलं. माप त्याच्याबरोबर गेलं. तिने दोन्ही तुकडे एकमेकांना लावून पाहिले, जसं फुटलेल्या भांड्याला लावून पाहतात, आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्याचाही तिला रागच आला.

"ताई, मी देतो बनवून," फोरमन म्हणाला. "आत्ता. फुकट."

"नको. तुमच्या हाताला सुधारायची फार खोड आहे."

परतताना ती मागे बसली नाही. गाडी दादाने हाताने ढकलत आणली आणि ती शेजारून चालली. अर्ध्या वाटेवर तो म्हणाला, "मला खरंच वाटलं गं, पैसे वाचवायला तू असलं काहीतरी करतेस." ती म्हणाली, "ढकल."

घरी आई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने दारातून दोघांचे चेहरे पाहिले आणि हातातला टॉवेल पुन्हा उलगडून पुन्हा घडी घालायला घेतला.

"दादा गाडी घेऊन गेला तेव्हा तुला माहीत होतं," मशीनताई म्हणाली.

"चेन घट्ट करायला नेतोय म्हणाला."

"तिथून त्याने तुला फोन केला असणार. हो ना रे?"

"हो," दादा म्हणाला. "विचारलं होतं मी, सगळं नवं करून टाकू का. आई म्हणाली, बघ तुला योग्य वाटेल तसं."

"तुला माहीत होतं तो लिव्हर कशासाठी आहे. त्या खिडकीतून तू बघायचीस मला, मी अठरा वेळा सोडजोड करत होते तेव्हा. चहा आणून ठेवायचीस आणि न बोलता जायचीस. मग त्या फोनवर का नाही बोललीस? एक वाक्य, आई! एका वाक्याचं काम होतं!"

आईने टॉवेल मांडीवर धरला. "बोलणार होते. ओठांवर आलं होतं. पण मग… त्याचं निघालं असतं."

"कशाचं?"

आई टॉवेलची किनार सरळ करू लागली.

"पायाचं! निघू दे की! पाय माझा आहे, दुखतो मला, वाकत नाही मला, आणि तोंडात गुळणी धरून बसलाय तुम्ही! तुला वाटतं, तू नाव नाही घेतलंस की शिडी जागेवर परत उभी राहते? मी कधी एका शब्दाने बोलले तुला शिडीवरून? कधी?"

"नाही," आई म्हणाली. "म्हणूनच तर."

बाहेर कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली आणि विरली. मशीनताईला वाटलं होतं, हे सगळं बोलून झालं की छाती हलकी होईल. तसं काही झालं नाही. राग होता तिथेच होता, भरल्या घागरीसारखा, फक्त आता तो कुणावर ओतायचा ते कळेना. समोर बसलेली म्हातारी होत चाललेली आई, दाराशी घामाने भिजलेला भाऊ. आणि सोमवार.

तिने कोपऱ्यातून लोखंडाची लांब पट्टी ओढून काढली, वाइसच्या जबड्यात आवळली. दारातल्या गाडीवर चढून बसली, पाय सरळ पुढे सोडला.

"आई, टेप आण. शिवणाचा."

आई टेप घेऊन आली आणि गाडीपाशी येऊन थबकली. हात पुढे होईना.

"धर. मांडीच्या सांध्यापासून टाचेपर्यंत. मला वाकून दिसत नाही."

आईने टेप धरला. तिची बोटं सळ्यांच्या वणावरून गेली, तिथे जराशी थांबली. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

"साडेतेहतीस," ती म्हणाली.

"कशाचं? नीट सांग. दादा लिहून घेतोय."

"पायाचं."

"कुठल्या?"

"उजव्या," आई म्हणाली. "उजव्या पायाचं. साडेतेहतीस." आणि टेप तसाच धरून राहिली.

"आता सोड आई. पट्टी कापायचीय, पाय नाही."

आईला हसू आलं की हुंदका, ते तिलाही कळलं नसावं. मशीनताईने त्यावरून पट्टीचं माप सांगितलं, दादाने तेही लिहिलं आणि खाली मान घालून करवत चालवू लागला. ऑफिसातले हात ते. दहा ओढींत तळव्याला फोड आला, पण त्याने थांबून दाखवला नाही. पट्टी तुटली. त्याने ती पुसून, दोन्ही हातांवर धरून तिच्याकडे नेली.

मशीनताईने ती जागेवर लावून पाहिली. पाऊण इंच कमी.

"माप बरोबर लिहिलं होतं गं," दादा म्हणाला. "मी आपलं वाकवायला सोपं जावं म्हणून जरा—"

तिने पट्टी त्याच्या हातात परत ठेवली.

"दुसरी घे," ती म्हणाली. "आणि ह्या वेळी विचारून काप."