क्लचवर पाय

माझ्या वडिलांना काही शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. चौतीस वर्षं बस चालवली, पण गाडीवर एक ओरखडा नाही, हे ते ओळख नसलेल्यांनाही ऐकवतात. पुढच्याच सोमवारी त्यांच्या लायसन्सचं नूतनीकरण होतं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांच्या नावावर एक जरी अपघात लागला असता, तरी लायसन्स गेलंच म्हणून समजा. आणि स्टिअरिंग सुटलं की हा माणूस अंथरूण धरणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तरी मीच अतिशहाणी! माझी साठ वर्षं जुनी टू-स्ट्रोक मोटार हायवेवर त्यांच्या हातात दिली. तिचं इंजिन मी स्वतः बांधलेलं, चार वर्षं सुट्टीचे दिवस घालवून. या इंजिनाला ऑइल वेगळं नसतं, ते पेट्रोलमध्येच मिसळतात. पेट्रोल थांबलं की ऑइलही थांबलं. लांब उतारावर रेस सोडून बसलात, तर इंजिन कोरडं फिरून जाम होतं, आणि चाकंही जागच्या जागी अडकतात.

"बाबा, उताराला मधूनमधून रेस द्या. आणि पाय क्लचवर तयार ठेवा. इंजिन अडकलं की लगेच दाबायचा, म्हणजे चाकं मोकळी होतात."

"क्लचवर पाय? असल्या शिकाऊ ड्रायव्हरांना मी बसमधून खाली उतरवायचो."

"ही बस नाहीये, बाबा."

"ज्या गिअरात चढायचं, त्याच गिअरात उतरायचं. गाडी कुठलीही असो."

मी तीनदा समजावलं. चौथ्यांदा तोंड उघडलं तेव्हा त्यांनी काच खाली केली, वाऱ्यात माझं बोलणं ऐकू येऊ नये म्हणून. अस्सा संताप आला मला!

उतार लागला. थर्ड गिअर, रेस बंद, चेहऱ्यावर समाधान. थोड्या वेळानं इंजिन कर्कश किंचाळलं आणि पुढची चाकं अडकली. "क्लच!" मी ओरडले. बाबांचा डावा पाय शिस्तीत खाली टेकलेला. गाडी तिरकी घसरत गेली. मागचा ट्रक हॉर्न दाबत हातभर अंतरावरून निघून गेला, आणि आम्ही कठड्याला घासत कसेबसे थांबलो.

मी खाली उतरले. चार वर्षांची मेहनत मातीत गेली होती. मला रडू आलं, तेही रागानं. बाबा कठड्याशी उभे राहून दाराचा पत्रा चाचपत होते. एकदाही त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

गस्तीची गाडी आली. अधिकाऱ्यानं वही काढली. "कोण चालवत होतं?"

बाबांची मान खाली. दोन्ही हात त्यांनी खिशात घातले.

"मी," मी म्हणाले.

"अहो, जुनी गाडी, शेजारी वयस्कर माणूस, आणि असं चालवता?" तो लिहिता लिहिता म्हणाला.

बाबांनी घसा खाकरला.

"मी हिला पहिल्यापासून सांगतोय, क्लचवर पाय ठेव म्हणून. ऐकेल तर शपथ!"